ऊन दाखवलेला चेलो

११ जुलै १९५४

छबीला जाऊन आज तारखेने वर्ष झालं. कमलने विशेष काही रांधलं नाही. वरणभात. फळीवरून तीन ताटं काढली, मग एक मुकाट्याने परत ठेवलं. मी पेपरात तोंड घालून बसलो होतो.

दुपारी चेलो खांद्यावर मारून उल्हासनगरला, दौलतरामच्या बराकीत. घरात वाजवायचा नाही हा क.चा नियम, त्यालाही वर्ष होत आलं. तेव्हा म्हणाली होती, "घरात नका वाजवू. त्याला टेकून बसलेली दिसते मला ती." छबी खरंच तशी बसायची. मी वाजवत असलो की चेलोच्या कडेला पाठ लावून. "बाबा, पोटात गुंगुं होतं." सहा वर्षांची होती.

नियमाबद्दल तक्रार नाही. वाद्य घरी, वाजवणं बाहेर. दौलतराम खाटा-खुर्च्या बनवतो. त्याच्या रंध्याच्या आवाजात माझा रियाज चालतो. सिंधमधून सगळं सोडून आलेला माणूस, पण मला कधी काही विचारत नाही. चहा देतो, वेलची घातलेला.

१९ जुलै

मुंबईत सिनेमाचं रेकॉर्डिंग. नायिका रडली, तिच्या मागे आम्ही. गेली कित्येक वर्षं मी रडण्याच्या मागे बसतोय. आज चार लांब सूर आणि दिवसभर बसून राहणं. आमच्या मोरिवलीत शेजारी विचारतात, वाजवता काय तुम्ही? मी सांगतो, मोठं फिडल. मग पुढे विचारत नाहीत.

फर्नांडिस सर भेटले. सोळाव्या वर्षी यांनीच माझ्या हातात चेलो दिला होता. वडील म्हणाले होते, पेटी-तबला सोडून हे कपाट कुठून उचलून आणलंस? सरांच्या वाद्यवृंदात आहे म्हणून तरी मी स्वतःला संगीतातला समजतो, नाहीतर उरलो असतो रडण्यापुरता.

सरांनी विचारलं, तुझं ते किती झालं? 'ते' म्हणजे छबीवरची माझी रचना. तीन भाग योजलेत, चेलो आणि मागे बारा जण. पहिला झाला, दुसरा अर्धा. म्हणाले, नोव्हेंबरात हॉल घेतलाय, वाजवू. "पन एंड पायजे, मॅन. बिगर एंडचा मी नाय वाजवनार."

क.ला यातलं काही ठाऊक नाही.

५ ऑगस्ट

पावसाने जीव नकोसा केलाय. चेलोने ओल धरलीय. खुंट्या फुगून बसल्यात, तारा टिकत नाहीत, आवाज घोंगडीत गुंडाळल्यासारखा. जेवताना तेच बडबडत होतो, भिंतीशी बोलावं तसं.

क. म्हणाली, "मग त्याला करतात काय?"

चेलोबद्दल वर्षभरातला तिचा पहिला प्रश्न. मी गडबडून गेलो. म्हटलं, काही नाही गं, पाऊस संपला, ऊन पडलं की होईल बरा. ती "हं" म्हणाली आणि आमटी वाढली. तेवढ्यावर मी आज दिवसभर खूश आहे.

२९ ऑगस्ट

बदलापुराहून सासूबाई आल्या होत्या. तिथल्या शिरगावच्या घरच्या अळूच्या गड्ड्या, नवं लोणचं. जेवणं झाल्यावर विषय काढलाच. "आता दुसऱ्याचं मनावर घ्या." क. उठून मोरीत भांडी घासायला गेली. तिथूनच म्हणाली, "तिची जागा भरायला म्हणून नको, आई."

सासूबाई मला म्हणाल्या, "वसंतराव, तुम्ही दोघं बोलता तरी का एकमेकांशी?"

"बोलतो की."

"काय बोलता?"

मला सांगता येईना. दूध आलं का, पाणी गेलं का, गाडी किती वाजता. संध्याकाळी स्टेशनवर सोडून आलो.

१२ सप्टेंबर

दुसरा भाग पुरा. बरा झालाय, बरा म्हणजे मला ऐकवतो. तिसऱ्याला हात लागत नाही. त्यात ते दोन दिवस यायला हवेत.

ते दोन दिवस मी मुंबईला रेकॉर्डिंगला होतो. छबीचा घसा धरला होता. क.ने हळद-दूध दिलं, शेकलं, झोपवलं. साधा घसा वाटला. कुणालाही वाटला असता. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात नेली, तर घटसर्प. यावर आम्ही आजवर बोललो नाही. बोलून काय होणार होतं.

तिसरा भाग दोनदा सुरू केला, दोनदा फाडला.

२४ सप्टेंबर

आजचं आजच लिहून ठेवतो.

ओल धरलेला चेलो घरी ठेवून आज स्टुडिओत मागून घेतलेल्या चेलोवर भागवलं. रेकॉर्डिंग लवकर सुटलं. फॅक्टरीचा चारचा भोंगा होता होता घराशी पोचलो, तर अंगण ओळखू येईना. क.ने दसरा काढला होता. गेल्या वर्षी आमच्याकडे कसला सण, घराला झाडूसुद्धा नीट लागला नव्हता. आज गाद्या, रजया, डाळीचे डबे, पाट, सगळं बाहेर उन्हात. पदर खोचलेला, केसांत जळमटं. आणि दोरीवर छबीचे फ्रॉक. ती ट्रंक वर्षभरात कुणी उघडली नव्हती. तिने उघडली, धुतले, वाळत घातले.

मला बघून हसली. खरोखर हसली.

आणि गाद्यांच्या मधोमध, गोधडीवर, पेटीतून काढलेला चेलो. उताणा.

"याला पण ऊन दाखवलं," म्हणाली. "तुम्ही म्हणत होता ना, ओल धरलीय. सकाळपासून ठेवलाय. दर थोड्या वेळाने फिरवत होते, सगळ्या बाजूंनी लागावं म्हणून."

कडक ऊन होतं. पावसात फुगलेलं लाकूड, अख्खा दिवस. उचलला तेव्हा आतली काठी सुटून खडखडली. पुढच्या फळीला चीर, छिद्रापासून कडेपर्यंत. मागचा सांधा उघडा, नख जाईल इतका. ती पलीकडे गाद्या झटकत होती. तिला दिसलं नाही.

ती विचारत होती, "बरं केलं ना?"

मी म्हणालो, "छान केलंस."

दुसरं काय म्हणणार? ते फ्रॉक वाऱ्यावर हलत होते.

२६ सप्टेंबर

दौलतरामकडे नेला. त्याने चिरेवरून बोट फिरवलं.

"साईं, ये किसने किया?"

"धूप ने."

"धूप में रखा किसने?"

मी बोललो नाही, त्याला कळलं. म्हणाला, सरस लावून शिकंज्यात धरतो, सांधा बसेल. "आवाज़ का वादा नहीं करूँगा." मुंबईतल्या वाद्यवाल्यालाही विचारून आलो. तो म्हणतो, पुढची फळी पूर्ण काढावी लागेल, लाकूड मुरायला वर्ष जाईल, आणि नंतरही आवाज तोच असेल असं नाही. दौलतरामकडेच ठेवला.

दौलतरामला बजावलंय, कुणाला सांगायचं नाही. "भाभी को भी?" भाभी को ही, म्हटलं.

सरांनी आपला जुना चेलो दिलाय वापरायला. माझ्या पेटीत बसतो. पेटी तीच, त्यामुळे घरी कळायचं कारण नाही.

३० सप्टेंबर

परवा घट बसले. क.ने परडीत माती घालून धान्य पेरलं, माळ बांधली. स्वयंपाकघरातून कसलासा आवाज येत होता. जाऊन बघितलं तर गुणगुणत होती. मला बघून थांबली नाही. छबीचे फ्रॉकही तिने ट्रंकेत नाही घातले, आतल्या दोरीवर ठेवलेत.

हे सगळं त्या एका दिवसाने झालं. तिला सांगितलं की तिने काय केलंय, तर हे सगळं परत ट्रंकेत जाईल. सांगणार नाही.

२ ऑक्टोबर

सरांचा चेलो परक्यासारखा वागतो. वाकडं काही नाही, पण माझं काही ऐकत नाही.

आज लिहूनच टाकतो. मला क.चा राग येतो. बराकीत बसलो होतो, समोर माझा चेलो शिकंज्यात आवळलेला, आणि मनात आलं, विचारायचं तरी होतंस बाई एकदा. पापड का होते ते? सोळाव्या वर्षापासूनचं वाद्य. राग इतका आला की घरी जाऊन तिच्या हातचा चहा पिववेना. म्हटलं, पित्त झालंय. तिने लगेच कोकम भिजत घातलं.

मग स्वतःचीच शरम वाटली. दोन्ही गोष्टी एकदम वाटतात.

८ ऑक्टोबर

काल दसरा झाला. सकाळी क. म्हणाली, "आज वाद्याची पूजा नको? आणा ना तो बाहेर." पेटी आणून पाटावर ठेवली. तिने झाकण उघडलं. बघितलं. हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं, आपट्याचं पान ठेवलं. नमस्कार करताना डोळे मिटले होते. नेहमीपेक्षा जास्त वेळ.

कळलं नाही तिला. सुटलो. जेवायला श्रीखंड होतं, दोनदा घेतलं.

१७ ऑक्टोबर

तिसरा भाग लिहून झाला. एकदा सुरुवात झाल्यावर थांबलोच नाही. ते दोन दिवस आले त्यात. मी नसलेलं घर, कडेला पाठ लावायला कुणी नाही, चेलो एकटाच खालच्या तारेवर. शेवट आहे. सर खूश होतील. क.ला काय सांगावं? हॉलवर नेईन आणि तिथेच ऐकवीन, सरांचाच चेलो का असेना. तोवर ती आणखी सावरलेली असेल.

बोलून दाखवण्यापेक्षा हे बरं. मला वाजवता येतं तेवढं बोलता येत नाही.

२४ ऑक्टोबर

काल क. शेजारच्या काकूंबरोबर उल्हासनगरला गेली होती, दिवाळीचं कापड बघायला. बरोबर चिवड्याचा डबा. तिच्या मनात आलं, ज्या माणसाने वर्षभर आपल्या नवऱ्याला जागा दिली त्याला फराळ द्यावा. विचारत विचारत बराक शोधली.

दौलतराम आज हात जोडून म्हणाला, "भाभी ने सीधा पूछा. झूठ नहीं बोल सका, साईं." त्याचा काय दोष?

मी काल घरी आलो तर दोरी रिकामी. फ्रॉक ट्रंकेत, ट्रंक माळ्यावर. ती पाटावर बसलेली. दिवा लावला नव्हता.

आठवतं तसं लिहितो.

"दसऱ्याला कुंकू लावलं तेव्हाच कळलं, हा आपला नाही. इतकी वर्षं मी तो पुसलाय. वाटलं, सांगतील. वाट बघितली."

मी म्हणालो, "तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. मला वाटायचं होतं ना ते? तुम्ही कोण ठरवणार?"

मग, "तेव्हाही असंच केलंत. डॉक्टर म्हणाले, कालच आणायला हवी होती. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. एक शब्द नाही बोललात. तेव्हापासून वाट बघतेय. आता बोलतील, शिव्या देतील, हात उगारतील, काहीतरी म्हणतील की माझ्यामुळे गेली."

"मी तसं काही बघितलं नव्हतं."

"बघितलंत."

"कमल..."

"हाताला काही धार्जिणंच नाही माझ्या. ती, आणि आता हा. आणि तुम्ही काय, तर तेव्हा गप्प आणि आता छान केलंस."

तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी तिथला पेला उचलून मोरीत ठेवला. पेला! ती माझ्याकडे बघत होती.

आज सकाळी बदलापूरला गेली. स्टेशनवर सोडायला येऊ का विचारलं. नको म्हणाली.

२७ ऑक्टोबर

दिवाळी. मोरिवलीत सगळीकडे कंदील. काकूंनी फराळाचं ताट आणून दिलं आणि घाईघाईने गेल्या. चकली खाल्ली. दिवसभर ते आठवत बसलो, हॉस्पिटलचा व्हरांडा, डॉक्टर, त्यांचं वाक्य. मी कुणीकडे बघत होतो?

बघितलं होतं. मी तिच्याकडेच बघितलं होतं. आणि त्या क्षणी मनात होतं ते हेच, की हिच्यामुळे गेली. क्षणभरच. दुसऱ्या क्षणी मनात आलं की मी कुठे होतो, आणि मान खाली गेली. पण तो दुसरा क्षण ती कसा बघणार? तिने पहिलाच बघितला.

हे तिला सांगावं लागेल. कसं, ते कळत नाही.

१४ नोव्हेंबर

तालीम. बारा जण मन लावून वाजवतात. तिसऱ्या भागात दुसऱ्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्याने डोळे पुसले. सर खूश नाहीत. बाजूला घेऊन म्हणाले, "नोट सगळा करेक्ट हाय, वसंत. पन तू घरात नाय, मॅन. दरवाजा उघडा, लाईट चालू, आन तू नाय." मी म्हटलं, चेलो नवा आहे. ते म्हणाले, "चेलो माझा हाय. मला माहीत हाय तो काय देतो."

शिरगावला दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा सासूबाईंनी सांगितलं, ती मळ्यात गेलीय. दुसऱ्या वेळी आतल्या खोलीत बांगड्या वाजल्या. चहा पिऊन परत आलो.

२१ नोव्हेंबर

झाला कार्यक्रम. हॉल अर्धा भरलेला. पहिल्या रांगेतली कडेची खुर्ची मी सांगून राखून ठेवली होती, सासूबाईंकडे निरोपही दिला होता. रिकामी राहिली. टाळ्या बऱ्याच पडल्या. एका बाईंनी विचारलं, हे कुणाचं आहे? सरांनी माझ्याकडे बोट केलं. त्या म्हणाल्या, फार सुंदर, फार दुःखी.

आयुष्यभर या दिवसाची वाट बघितली होती. रडण्याच्या मागे नाही, पुढे बसायचं, आपलं लिहिलेलं वाजवायचं. आज बसलो. काही वाटलं नाही. लोक उठून जाताना खुर्च्यांचा आवाज तेवढा लक्षात आहे.

२८ नोव्हेंबर, शिरगाव

आज दौलतरामकडून आपला चेलो सोडवून घेतला. सांधा बसलाय, चीर दिसते. जाड तारेला फळी भणभणते. "माफ करना," म्हणाला. मी त्याच्या गळ्यात पडलो.

इथे दुपारी पोचलो. अंगणात भाताचे भारे. सासूबाईंनी पेटी बघितली, माझं तोंड बघितलं आणि म्हणाल्या, "कमल, बाहेर ये. आज मी खोटं सांगणार नाही." आणि स्वतः मागच्या दारी गेल्या.

क. आली. बारीक झालीय. ओटीवर समोर बसली.

"कोणता आणलात?"

"आपला."

झाकण तिने उघडलं. चिरेवर बोट ठेवलं. "इथे?"

"हो. मागेही आहे."

तिने मागेही हात लावून बघितलं. मग म्हणाली, "वाजवा."

सगळं वाजवलं. बारा जणांशिवाय, तिन्ही भाग, भणभण आली तिथे भणभणीसकट. मध्ये एकदा मला पुढचं दिसेना, थांबलो, डोळे पुसले, पुन्हा घेतलं. ती रडली नाही. खालच्या तारेवरचा भाग आला तेव्हा दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. वर्षानंतर माझा चेलो माझ्या माणसासमोर वाजला. हॉलमध्ये जे वाटलं नव्हतं ते सगळं इथे वाटलं.

संपलं.

"छबीचं आहे?"

"हो."

"कळलं मला." मग म्हणाली, "चांगलं आहे. पण हे तुम्ही सगळ्यांना वाजवून दाखवलंत. मला तोंडाने सांगा. माझ्यामुळे गेली का?"

हातात गज होता. तो मी परत तारांवर टेकवायला गेलो, खरंच, सवयीने. तिने तो हातातून काढून घेतला आणि बाजूला ठेवला.

मी म्हणालो, "मी बघितलं होतं तुझ्याकडे." ती हलली नाही. म्हणालो, "त्या वेळी वाटलं होतं तसं." हे बोलताना मला तिच्याकडे बघता येईना, पण बघितलं. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता ही उठणार, आणि हे इथेच संपणार.

उठली नाही. म्हणाली, "पुढे?"

तो दुसरा क्षण सांगायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात सासूबाईंनी आतून हाक मारली, दिवेलागण झाली म्हणून. क.ने पदराने तोंड पुसलं. "आलेच. उठू नका," म्हणाली आणि आत गेली.

देवापाशी काडी ओढल्याचा आवाज आला. मी ओटीवर हे लिहितोय. चेलो पेटीत घालून झाकण लावलंय.

बसलोय.